नऊ ऑगस्ट

माझ्या लॅपटॉपवर चार महिने झाले
नऊ ऑगस्टच आहे.

तीस दिवस फुकट, मग पैसे,
असं सॉफ्टवेअरनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
मालक भाडेकरूला सांगतो तसं, हसत.
वर्षाचे पंचाहत्तर हजार.
अण्णा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला माथाडी आहेत.
पंचाहत्तर हजारांच्या गोण्या किती,
हा भागाकार मी वहीच्या शेवटच्या पानावर मांडला
आणि उत्तर यायच्या आत पान फाडलं.

निनाद म्हणाला, वेडी का तू, घड्याळ मागे घे.
त्याच्या पेनड्राइव्हमध्ये दुसराही एक उपाय होता,
पण त्या उपायानं त्याच्या रूममेटचं
अख्खं सेमिस्टर गिळलं होतं.
म्हणून घड्याळ.
रोज सकाळी, देवळात जाताना चपला काढाव्यात
तसा आजचा दिवस बाहेर काढून ठेवायचा
आणि आत शिरायचं.

कोपरखैरण्यात गणपती आले, गेले.
आमच्या बोळात, जिथे दोन स्कूटर समोरासमोर आल्या
की एकीला परत जावं लागतं,
तिथे आकाशकंदील लागले, उतरले.
लॅपटॉपला पत्ता नाही.
ज्या टेबलावर आई इस्त्री करते
त्या टेबलावर मी एक वाचनालय काढत होते,
चाळीस फूट उंच छताचं.
आमचं छत खाटेवर उभं राहिलं की हाताला लागतं.

डिसेंबरात नेरुळला चंपालालकडे शीट छापली.
कोपऱ्यात मशीननं आपणहून तारीख टाकली.
कारखानीस मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला.
"हा विषय मी ऑक्टोबरात दिला.
तू ऑगस्टमध्येच संपवलास?"
वर्ग हसला. झाकियासुद्धा.
मी शीटचा तो कोपरा बोटानं झाकून उभी.

मॅडमनी पुढे काही विचारलं नाही.
जाताना एवढंच म्हणाल्या,
"कॉलेजचा ईमेल आहे ना तुला?
फी भरतेस, त्यात तोही येतो. वापर की."

तो ईमेल मी कधी उघडलाच नव्हता.
पासवर्ड प्रवेशाच्या पावतीवर निघाला,
पावती आईच्या स्टीलच्या डब्यात, रेशनकार्डाखाली.
ओळखपत्राचा फोटो पाठवला,
ज्यात मी कुणाची तरी धाकटी बहीण दिसते.
दोन दिवसांनी उत्तर आलं:
आपण विद्यार्थी असल्याची खात्री झाली आहे.
एक वर्ष, विनामूल्य.

मग मी घड्याळ सरळ केलं.

चार महिने एकदम घरात घुसले.
फीचा हप्ता. ग्रंथालयाचा दंड.
झाकियाचा वाढदिवस.
आणि मीच कधीतरी लावून ठेवलेली एक आठवण:
अण्णा, कंबर, एक्स-रे, सोळा सप्टेंबर, सकाळी नऊ, सोबत जाणे.

अण्णा पाय पसरून पाठीला उशी लावून बसले होते.
"तो एक्स-रे?"
"काढला की. तू चित्र काढत होतीस."
"डॉक्टर काय म्हणाले?"
"म्हणाले, वजन उचलू नका."
"मग?"
"म्हटलं, बरं."
मग त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

आता माझ्या प्रत्येक शीटच्या चारी कडांना
बारीक अक्षरांत छापून येतं: फक्त शिक्षणासाठी.
निनाद म्हणतो, घालवता येतं ते.
असू दे म्हटलं.

काल अण्णांनी वाचनालय पाहिलं. बराच वेळ.
छताबद्दल काही बोलले नाहीत.
पडद्यावर बोट टेकवून म्हणाले,
"पायऱ्या झकास. पण पुस्तकांचे गठ्ठे
आत कुठून न्यायचे माणसानं?"

रात्री मी मागची भिंत फोडली.
पाच फुटांचं दार,
आणि दारापर्यंत हातगाडी चढेल
असा सावकाश उतार.